येऊन राहिली

सावरगावचं नाव वर्तमानपत्रात वर्षातून एकदा येतं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा चढतो आणि या काठाला आम्ही, त्या काठाला पांढुर्णा, अशी गोटमार चालते. उरलेलं वर्ष संत्र्यांचं. बहार धरायचा, पाण्याकडे डोळे लावायचे, व्यापाऱ्याची वाट पाहायची. १९५६ साली विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला, त्यात आम्हीही राहिलो. २०२३मध्ये पांढुर्णा स्वतःच जिल्हा झाला, पण रीत जुनीच आहे : घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि गाव सोडायचं असेल तर इंग्रजी.

यंदा पोळ्याला भाची आजोळी आली. पुण्यात आयटीत नोकरी, बरा पगार. जेवता जेवता म्हणाली, "मामा, नोकरी सोडतेय. व्हिएतनामला जाईन म्हणते, इंग्रजी शिकवायला." आमची आई घास हातात धरून थांबली. "आपल्या पोरीनं परक्या मुलखात जाऊन तिसऱ्याचीच भाषा शिकवायची?"

आईचा प्रश्न वेडा नव्हता. तोच प्रश्न नोकरीच्या जाहिरातीही विचारतात. जन्मापासून इंग्रजी बोलणारेच हवेत, असं त्यांत सर्रास छापलेलं असतं. दक्षिण कोरियानं तर संभाषणाच्या शिक्षकांसाठी देशच ठरवून टाकले : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत त्या सातांत नाही.

आपल्याकडच्या बायका मात्र अशी यादी बघत बसल्या नाहीत. पंडिता रमाबाई १८८३मध्ये इंग्लंडला गेल्या; चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या स्वतः इंग्रजी शिकत आणि संस्कृत शिकवत. पार्वतीबाई आठवल्यांना विशीपर्यंत अक्षरओळखही नव्हती. त्या १९१८मध्ये, पन्नाशी जवळ आलेली असताना, इंग्रजीसाठी अमेरिकेला गेल्या आणि लोकांच्या घरी कामं करत शिकल्या. त्यांच्या मानानं व्हिएतनाम जवळ आहे.

संध्याकाळी शेजारची आठवीतली पोर पुस्तक घेऊन ओसरीवर आली. 'आय रीड' आणि 'आय ॲम रीडिंग' यांत ती अडकली होती. भाचीनं पुस्तक मिटलं.

"आता तू काय करून राहिली?"

"वाचून राहिली."

"मंग झालं! रोज करतेस ते 'आय रीड'. जिथं 'राहिली' आलं, तिथं 'ॲम' अन् 'इंग'."

पोरीचे डोळे चमकले. माय भाकर करून राहिली, बैल चरून राहिला, पाणी पडून राहिलं. सगळं गाव तिनं दहा मिनिटांत इंग्रजीत नेलं. मग उत्साहानं म्हणाली, "मले समजून राहिलं! आय ॲम अंडरस्टँडिंग!"

"अंहं. इथं 'आय अंडरस्टँड'च. हिंदी असो की मराठी, आपण सारे नेमके इथंच घसरतो. मीही कॉलेजात घसरत होती."

आमच्या याच 'येऊन राहिली'ला पुण्यात लोक हसतात. भाचीनं पहिल्या वर्षी ते जिभेवरून खरवडून काढलं होतं. त्या संध्याकाळी तेच शब्द तिच्या कामी आले. लंडनमध्ये वाढलेला माणूस 'आय अंडरस्टँड' बरोबरच म्हणेल. पण सावरगावची पोर तिथं का चुकते, हे त्याला मुद्दाम शिकावं लागेल. हिला ते ठाऊक आहे, कारण ही त्याच वाटेनं गेली आहे. व्हिएतनामी पोरांच्या चुका वेगळ्या असतील. पण चूक हसण्यावारी न नेता तिचं मूळ शोधायची सवय हिला लागली आहे, आणि शिक्षकाला ती फार उपयोगी पडते.

मी तिला जा म्हणालो. आईनं दुसऱ्या दिवशी मेथीचे लाडू करायला घेतले, म्हणजे तिचीही परवानगी मिळाली.

बाहेर शिकवायला निघालेल्या इतर लेकीबाळींनाही माझं एवढंच सांगणं आहे : अर्जात मातृभाषेचा रकाना आला की चाचरू नका. तिथं ठळक अक्षरांत मराठी लिहा, आणि मुलाखतीत विचारलं तर ती आपली पहिली पात्रता आहे म्हणून सांगा.