बाप्पा, मी कोण?

सांगायला जरा ऑकवर्ड वाटतं, पण पाच वर्षं मी घरच्या देवाला नमस्कार केला नव्हता. नास्तिक वगैरे नव्हते हं! उलट जरा जास्तच 'स्पिरिच्युअल' झाले होते. मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला कुणीतरी निसर्गदत्त महाराजांचं 'आय ॲम दॅट' हातात दिलं आणि आपण खल्लास! पनवेल-सीएसएमटी लोकलमध्ये चौथ्या सीटवर कशीबशी टेकून मी रोज स्वतःला विचारायचे, मी कोण? शरीर? नाही. नाव? नाही. पेपरात छापून येणारी बायलाइन? तीही नाही. आणि मग घरी येऊन बाबांना देव्हाऱ्यासमोर बसलेलं बघितलं की मनात यायचं, हे अजून केजीतच!

एकदा तर मी सुनावलंच. "बाबा, सगळं एकच आहे म्हणता, मग या मूर्तीपुढे हात कशाला जोडता?"

बाबा फूल वाहत म्हणाले, "तू आधी चहा घे."

विषय संपला.

गेल्या वर्षी श्रावणात बाबांची बायपास झाली. ऑपरेशन थिएटरचं दार बंद झालं आणि बाहेरच्या बाकावर मी माझं ते फेमस टेक्निक काढलं. भीती कुणाला वाटतेय? मला. मी कोण?... पुढे काहीच नाही. एरवी या प्रश्नानंतर शांत वाटायचं, त्या दिवशी नुसती घशाला कोरड. शेवटी तोंडातून निघालंच, "बाप्पा, माझे बाबा परत दे." पुढचे चार तास हेच एक वाक्य.

बाबा सुखरूप बाहेर आले. मी आईच्या गळ्यात पडून रडले आणि घरी येताना रिक्षात मला चक्क लाज वाटली. पाच वर्षांचा अभ्यास, आणि ऐन परीक्षेत कॉपी!

त्यात गणपती दोन आठवड्यांवर आलेले. आमची शाडूची मूर्ती दरवर्षी पेणहून येते, ती आधीच सांगून ठेवलेली होती. पण पूजेला बसणार कोण? मी एकुलती एक. काका म्हणाले, "या वर्षी राहू दे." 'मुलगी कशी बसणार' हे ते बोलले नाहीत, पण ऐकू आलं. बाबा पलंगावरूनच म्हणाले, "ती बसेल."

"बाबा, पण माझा विश्वास कुठाय?"

"विश्वास ठेव कोण म्हणतंय? पूजा कर म्हणतोय."

बसले. गुरुजींनी मूर्तीच्या छातीवर हात ठेवायला सांगितला, तुपात बुडवलेली दूर्वा बाप्पाच्या डोळ्यांना लावायला सांगितली. प्राणप्रतिष्ठा. माझ्यातली जर्नालिस्ट गप्प बसेना. विचारलं, "गुरुजी, आत्तापर्यंत हे काय होतं?"

"माती, ताई."

"आणि उद्या?"

"उत्तरपूजेच्या अक्षता पडल्या की पुन्हा माती."

इतकं सहज! मला वाटत होतं, हे गुपित फक्त मला ठाऊक आहे आणि बिचाऱ्या भक्तांना कुणी सांगितलेलंच नाही.

मग अथर्वशीर्षाची आवर्तनं. लहानपणापासून पाठ, त्यामुळे अर्थाकडे लक्ष कोण देतंय! त्या दिवशी दिलं. एकदंत, चार हात, लाल रंग, ध्वजावर उंदीर, हे सगळं वर्णन त्यात आहेच. पण त्याआधी, अगदी सुरुवातीलाच, त्याला म्हटलंय की डोळ्यांसमोर दिसणारं ते तत्त्व तूच आहेस. तूच आत्मा आहेस. मी ज्या दोन गोष्टींत भांडण लावून बसले होते, त्या एकाच स्तोत्रात गुण्यागोविंदानं नांदत होत्या!

रात्री झोप येईना, म्हणून छांदोग्य उपनिषद उघडलं. 'ते तूच आहेस' हे वाक्य मुळात तिथलं. बारा वर्षं गुरूकडे शिकून श्वेतकेतू चोविसाव्या वर्षी घरी येतो. जाम शिष्ट झालेला. (ओळख पटली!) त्याचे वडील उद्दालक त्याला पहिलंच उदाहरण कशाचं देतात? मातीचं. एक गोळा कळला की मातीच्या सगळ्या वस्तू कळल्या. बाकी फरक फक्त नावारूपाचा. मग नऊ वेळा सांगतात, ते तूच आहेस. उपनिषदात हे बाप मुलाला सांगतो, अथर्वशीर्षात भक्त देवाला. शब्द तेच.

आणि ज्यांच्या जिवावर मी अक्कल पाजळत होते, ते निसर्गदत्त महाराज? खेतवाडीत विडीचं दुकान चालवणारा हा माणूस येणाऱ्या देशी-परदेशी मंडळींना 'मी आहे' या जाणिवेपाशी थांबायला सांगायचा. पण त्याच माळ्यावर रोज भजनं व्हायची, गुरू सिद्धरामेश्वर महाराजांच्या फोटोची पूजा व्हायची. १९८१ साली ते गेले, तोवर त्यांना या दोन्हींत काही अडचण वाटली नाही. अडचण झाली ती पनवेलच्या पाचव्या मजल्यावरच्या एका मुलीला!

दुसऱ्या दिवशी विसर्जन. एरवी आम्ही वडाळे तलावावर जातो, पण बाबांना जिने उतरायची बंदी. म्हणून बाल्कनीत बादली. मी अक्षता टाकल्या, मूर्ती जराशी हलवली आणि हळूच पाण्यात सोडली. बाबा खुर्चीत बसून बघत होते. मी म्हटलं, "बाबा, वाईट नाही वाटत? इतकं प्रेम करायचं आणि बुडवायचं?"

"वाटतं ना. दरवर्षी वाटतं." मग जरा थांबून म्हणाले, "म्हणून तर पुढच्या वर्षी लवकर या म्हणायचं."

सकाळी पाहिलं तर बादलीत सोंड नाही, हात नाहीत, उंदीरमामा नाहीत. नुसता गाळ. बाबांना निरखून पाहताना दवाखान्यात जी भीती वाटली होती, ती त्या बादलीपाशी पुन्हा एकदा वाटली. रूप जातंच. 'मी कोण' विचारून ते थांबत नाही आणि 'बाप्पा' म्हणूनही थांबत नाही. पण त्या चार तासांत मला कुणाला तरी 'तू' म्हणायचं होतं. नुसत्या 'मी'ला धरून बसता येत नव्हतं. ती कॉपी नव्हती, एवढं मला आता कळलंय.

ती माती आईनं तुळशीच्या कुंडीत घातली. लोकलमध्ये मी अजूनही स्वतःला तोच प्रश्न विचारते. फक्त घरून निघताना देव्हाऱ्यासमोर दोन सेकंद थांबते. बाबा बघतात, बोलत काहीच नाहीत.

परवा फक्त विचारलं, "पेणला फोन केलास का? मूर्ती सांगायचीय."

केला, बाबा.