सल

संस्कृत ‘शल्य’ मराठीत ‘सल’ होऊन आला. काटा सलतो, तशी आठवणही सलते. आणि जे सलते ते उपटून टाकावे, हा आपल्या भाषेचा स्वाभाविक आग्रह. वर्गात हा शब्दप्रवास आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. शल्याचे एक जुने शास्त्र मात्र या आग्रहाच्या नेमके उलट बोलते.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, सहाव्या अध्यायात मर्मांचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी ‘विशल्यघ्न’ मर्मे तीनच, आणि तिन्ही मस्तकावर : शंखांच्या वर केसांच्या कडेला दोन ‘उत्क्षेप’ आणि भुवयांमध्ये ‘स्थपनी’. येथे रुतलेले शल्य आत आहे तोवर, अथवा पिकून आपोआप गळून पडल्यास, माणूस जगतो. उपसून काढले तर दगावतो. सुश्रुताने याचे कारण वायूत शोधले. आजचे वैद्यक म्हणते, रुतलेली वस्तूच फाटलेल्या रक्तवाहिनीचे बूच होऊन बसलेली असू शकते.

या अध्यायाचा अर्थ आम्हांला लासूर स्टेशनला उमगला. बांधकामावरून पडलेल्या एका मजुराच्या कपाळात सळई शिरली होती. तो शुद्धीवर होता. दोघेजण ती उपसायला सरसावले, तोच एका वयस्क कंपाउंडरने त्यांचे हात धरले : “आरं, हात लावू नका तिला!” सळईभोवती कापडाच्या गुंडाळ्या ठेवून ती हलणार नाही अशी बांधली आणि माणसाला चाळीसेक किलोमीटरवरच्या घाटी रुग्णालयात नेले. तेथे आधी सीटी स्कॅन झाला. मग सळईभोवतीचे कवटीचे हाड कापून, सारे डोळ्यांसमोर ठेवून ती काढली गेली. मेंदूवरचे आवरण पाणी झिरपणार नाही असे शिवले गेले. हाडाची एक खोल गेलेली कपची मात्र डॉक्टरांनी तशीच राहू दिली.

हा संयम शस्त्रवैद्यांनाही सहज साधलेला नाही. पहिल्या महायुद्धात, 1917 साली, हार्वे कुशिंग यांनी जखमेतील हाडांचे तुकडे व कुस्करलेला भाग कसोशीने काढून जखम पूर्ण शिवण्याची पद्धत बसवली आणि तीन महिन्यांत अशा जखमींच्या मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणले. पुढे प्रत्येक तुकड्याचा पाठलाग करण्याची रीतच पडली. त्या शोधात धडधाकट मेंदूही दुखावतो, हे 1980 च्या दशकातील लेबनॉन युद्धाच्या अनुभवाने अधिक स्पष्ट झाले. 2001 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तर खोलवरच्या तुकड्यांसाठी मेंदू खणू नये, असेच सुचवले. ताप, फिट किंवा नाकातून पाणी आले, तर मात्र विनाविलंब रुग्णालय गाठायचे.

शल्यक्रियेत काढणे आहे, तसे राखणेही आहे. म्हणून ‘सल’ शिकवताना आता सुश्रुताचा तो अध्यायही आम्ही वाचून दाखवतो. समोर बसलेल्या पुष्कळ मुलांचे वडील आणि भाऊ बांधकामावर जातात.