एक रुपया

घसारा काढता काढता इमारतीची पुस्तकी किंमत संपली, तरी खात्यावर नाममात्र एक रुपया ठेवतात, असे आमचे सर सांगतात. तो रुपया कशासाठी, हे मला वर्गात कधी उमगले नाही.

माझे आजोळ म्हापशाचे. गेल्या नोव्हेंबरात चित्रपट महोत्सवासाठी बेळगावहून निघालो, तो आधी आजीकडे उतरलो. ती म्हणाली, "मलाही ने. सिनेमा नको, मला ते हॉस्पिटल बघायचंय."

पणजीत मांडवीकाठी हे जुने रुग्णालय आहे. १८४२ साली पोर्तुगीज अमलात येथे वैद्यकीय शाळा निघाली. गोवामुक्तीनंतर १९६३ मध्ये तिचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले. पुढे रुग्णालय बांबोळीच्या पठारावर गेले, आणि २००४ पासून या आवारात महोत्सव भरतो. शेजारीच चित्रपटगृह उभे आहे. इतिहास म्हणून मला एवढेच ठाऊक होते.

आजीचा इतिहास वेगळा. जुलै १९८६ मध्ये मांडवीवरचा पूल कोसळला. त्याच पावसाळ्यात आजोबा इथे दाखल होते. आई तेव्हा आठ वर्षांची. तिला शेजारी ठेवून आजी पेजेचा डबा घेऊन रोज निघे; बेतीपर्यंत बस, पुढे फेरीबोट. फेरीला ही रांग! एके दिवशी ती पोचली तेव्हा खाट रिकामी होती. "आधीची फेरी मिळाली असती तर..." हे वाक्य तिने आजवर कधी पुरे केलेले नाही.

दारावरच्या रखवालदाराने पास विचारला. माझ्या गळ्यात होता, आजीकडे नव्हता. ती हसून म्हणाली, "तेव्हाही पास लागायचा, बाबू." त्याने काय ओळखले कोण जाणे, पण तिला व्हरांड्याच्या पायरीवर बसू दिले. समोर तरुण मुले रांगेत हसत उभी होती. आजी नदीकडे बघत राहिली. माझा सिनेमा चुकला. मी काही बोललो नाही.

परतताना बस दोन मिनिटांत पूल ओलांडून गेली. "एवढंच अंतर होतं," आजी म्हणाली.

रुग्णालय गेले, खाटा गेल्या, हिशेब मिटले. आजीच्या खात्यावर मात्र तो एक रुपया अजून शिल्लक आहे. तो कशासाठी ठेवतात, ते आता मला कळले.