वेताळाच्या बखरी

माझ्या अभ्यासिकेत इंग्रजी नाटककारांच्या ग्रंथांमागे, दुसऱ्या रांगेत, कापडी पाठीचे सात जाड खंड आहेत. घरी येणारे पाहुणे पुढची रांग पाहून माझ्याविषयी चांगले मत करून घेतात, आणि मीही त्यांचा गैरसमज दूर करण्याची घाई करीत नाही. आज मात्र कबुली देऊन टाकतो. त्या खंडांत शेक्सपिअर नाही, वेताळ आहे! इंद्रजाल कॉमिक्समधला, मुखवटा घालून कवटीच्या गुहेत राहणारा वेताळ.

ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली, म्हणजे सुपरमॅनच्याही दोन वर्षे आधी, हा नायक वृत्तपत्रांतील चित्रपट्टीत आणला. मार्च १९६४ पासून टाइम्स ऑफ इंडियाच्या इंद्रजालमधून तो आपल्याकडे प्रसिद्ध होऊ लागला. मूळ कथेतील त्याच्या मुलखाचे 'बंगाली' हे नाव इथे कोणाचा घोटाळा होऊ नये म्हणून 'डेंकाली' असे बदलले गेले. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडले, तोवर माझे बालपणही बंद पडले होते.

सुटे अंक वाचणे निराळे आणि खंड वाचणे निराळे. वेताळ अमर नाही, बापाचा मुखवटा मुलगा चढवतो आणि हा एकविसावा आहे, ही हकीकत प्रत्येक कथेत पुन्हा सांगितली जाते. सुट्या अंकात ती कंटाळवाणी वाटे. सलग खंडात मात्र ती कीर्तनातल्या ध्रुपदासारखी येते. नसली तर चुकल्यासारखे वाटते.

हे खंड बांधले भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या एका वृद्ध बाइंडरने. आम्ही मुले त्यांना चाचा म्हणत असू. यंत्रमागवाल्यांच्या हिशेबाच्या वह्या, शाळेचे नकाशे आणि आमचा वेताळ, सर्वांना त्यांच्याकडे एकच खळ आणि एकच दोरा.

मे १९८४ मध्ये गावात दंगल पेटली. संचारबंदी लागली, माग थांबले. ज्या खटखटीत जन्मापासून झोपत आलो ती नाहीशी झाल्यावर झोप येईना. माझ्या अंकांचे शेवटचे गाठोडे चाचांकडे होते. सांगायला लाज वाटते, पण त्या रात्री मला काळजी होती ती गाठोड्याची, चाचांची नव्हे.

संचारबंदी उठल्यावर वडिलांबरोबर गेलो. दुकानाचे दार जळून काळे झाले होते. चाचा शेजारच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी घरातून खंड आणून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "एका गोष्टीचा दुसरा भाग तुझ्या गाठोड्यात नव्हता, बाळ. कोरी पाने घातली आहेत. मिळाला की आणून दे, लावून देईन."

मी आनंदाने पाने उलटीत घरी आलो. त्यांचे काय काय जळाले, हे मी विचारले नाही. वडिलांनी विचारले असेल. मला आठवत नाही, कारण मी वाचीत होतो.

गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने परदेशात निघालेला फॉकच्या मूळ चित्रपट्ट्यांचा संग्रह भेट दिला. उत्तम कागद, स्वच्छ छपाई. माझा हरवलेला दुसरा भाग त्यात सापडला. चाळीस वर्षे मी मनात रचलेल्या शेवटापुढे तो अगदीच साधा निघाला. चाचे पकडले गेले, वेताळ जंगलात परतला, संपले.

त्याची प्रत काढून कोऱ्या पानांवर चिकटवावी, असे क्षणभर मनात आले. हात पुढे झाला नाही. वेताळाच्या गुहेत पिढ्यान्‌पिढ्यांच्या बखरींचे मोठमोठे खंड असतात. प्रत्येक वेताळ आपली कृत्ये त्यांत लिहून ठेवतो. माझ्या बखरीत लिहिण्यासारखे पराक्रम नाहीत. एक न विचारलेला प्रश्न तेवढा आहे, आणि त्याच्यासाठी चाचांनी आधीच जागा ठेवली आहे. ती पाने कोरीच आहेत.