उचगावच्या ताटात

तावडे हॉटेलच्या थांब्यावर एसटीतून उतरले की पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या पूर्वेला कोल्हापूरचे एक निराळेच रूप सुरू होते. शहरातला तांबडा-पांढरा रस्सा, रंकाळा, अंबाबाईचा कळस हे सारे मागे राहते. समोर उचगाव, त्याला खेटून गांधीनगरची कापडाची बाजारपेठ, पलीकडे वळिवडे आणि मध्येच अजून टिकून असलेले उसाचे फड. उत्तरेला शिरोलीची आणि दक्षिणेला गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत आहे. त्यामुळे परप्रांतांतून आलेली कामगार मंडळीही या परिसरात बिऱ्हाड करून राहतात.

गेल्या हिवाळ्यात मी उचगावी गेले, ती मावशीला भेटायला. वय ऐंशीच्या पुढे. छातीच्या संसर्गातून नुकतीच उठलेली. प्रतिजैविकांचा मोठा क्रम पुरा केलेला. घरातील माणसे अतिशय प्रेमळ आहेत आणि त्या प्रेमापोटीच त्यांनी तिचे ताट रिकामे करत आणले होते. भाकरी चावत नाही म्हणून बंद. पालेभाजी वातूळ म्हणून बंद. ताकाने कफ होईल म्हणून तेही बंद. उरले काय? मऊ भात, साबुदाण्याची पेज आणि चहा-बिस्किट. चार-पाच दिवस पोट साफ होत नसे, भूक मेली होती. वहिनीने मला बाजूला घेऊन विचारले, "ताई, जिवाणूंच्या गोळ्या मिळतात म्हणे, त्या आणू का?"

प्रश्न साधा होता, उत्तर मात्र तसे नव्हते. आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणूंची वस्ती असते. आपल्याला न पचणाऱ्या तंतुमय पदार्थांवर त्यांतील अनेक जगतात आणि त्या बदल्यात ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात. आतड्याच्या अस्तरातील पेशींना आपल्या शक्तीचा मोठा भाग या ब्युटिरेटमधूनच मिळतो. म्हणजे भाकरीचा आणि पालेभाजीचा जो भाग आपण 'चोथा' म्हणून हिणवतो, तो कोणाचे तरी जेवण असतो. ते जेवण बंद झाले की वस्तीही पालटते. प्रतिजैविके तर रोगजंतूंबरोबर या उपयोगी वस्तीलाही झोडपून काढतात. ती अर्थात गरज असेल तेव्हा घ्यावीच लागतात. मावशीचे प्राण त्यांनीच वाचवले.

ही वस्ती कशी असावी, याचे एकच एक माप मात्र नाही. या विषयावरचे सुरुवातीचे बरेचसे मोठे संशोधन युरोप-अमेरिकेतील माणसांवर झाले. मांसाहार आणि मेद जास्त असलेल्या तेथील आहारात 'बॅक्टेरॉइड्स' गटाचे जिवाणू अधिक आढळतात. धान्य-कडधान्यांवर जगणाऱ्या समाजांत 'प्रेव्होटेला' गटाचे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांतूनही भारतीय आतड्यांत प्रेव्होटेलाचे हे प्राबल्य दिसून आले. पुढे देशातील १४ ठिकाणच्या १००४ व्यक्तींच्या नमुन्यांची एक पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. आपल्यासारख्या देशात जिल्ह्यागणिक धान्य बदलते, घरागणिक फोडणी बदलते. तेव्हा परक्या मापाने आपले आतडे मोजून त्याला 'बिघडलेले' ठरवण्यात अर्थ नाही, एवढे तरी या कामाने स्पष्ट केले.

शौचे यांच्या गटाचा एक अभ्यास मला विशेष जवळचा वाटतो. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी एका छपराखाली राहणाऱ्या, एकाच चुलीवरचे खाणाऱ्या तीन पिढ्यांची दोन एकत्र कुटुंबे निवडली. आजोबा, मुलगा, नातू यांचे अन्न एक, पाणी एक. तरीही प्रत्येकाची जिवाणूंची ठेवण स्वतंत्र निघाली आणि वयाबरोबर 'फर्मिक्यूट्स' या मोठ्या गटाचे प्रमाण घटत गेलेले दिसले. दोनच कुटुंबे, म्हणून त्यावरून मोठे सिद्धान्त काढू नयेत. पण एकत्र कुटुंबालाच प्रयोगशाळा मानण्याची कल्पना आपल्या मातीतली आहे.

दुपारी मावशीचा डोळा लागल्यावर मी गांधीनगरकडे पायी निघाले. या वाटेवर अन्नाचा इतिहास थरांनी साचलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून १९४८ पर्यंत, वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. सायबेरिया आणि इराणमार्गे आलेली सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बहुतांश स्त्रिया आणि मुले. आंबवलेल्या कोबीवर आणि राईच्या पावावर पोसलेली ती पोटे पंचगंगेच्या काठी पाच वर्षे कशी रुळली असतील, याचे मला नेहमी कुतूहल वाटते. त्यांच्यानंतर फाळणीत उखडलेली सिंधी कुटुंबे येथे वसली आणि गांधीनगर उभे राहिले. आज त्या गल्ल्यांतून फिरताना एका खिडकीतून कोकी भाजल्याचा वास येतो, दुसरीतून कमळकाकडीच्या भाजीचा. चार पावलांवर ज्वारीची भाकरी थापल्याचा आवाज, आणि कामगारांच्या खोल्यांपाशी सत्तू भिजवलेला दिसतो.

स्थलांतराने आतडेही स्थलांतर करते, हे आता मोजून पाहिले गेले आहे. आग्नेय आशियातून अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात गेलेल्या ह्मोंग आणि कारेन लोकांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. नव्या देशात काही महिन्यांतच त्यांच्या आतड्यांतील विविधता घटू लागली होती, प्रेव्होटेलाची जागा बॅक्टेरॉइड्स घेऊ लागले होते आणि तेथेच जन्मलेल्या पुढच्या पिढीत ही घट आणखी वाढलेली होती.

माझ्या मनात आले, मावशी तर उचगाव सोडून कुठेच गेली नाही. तिचे स्थलांतर ताटातल्या ताटात झाले: भाकरीकडून बिस्किटाकडे.

हे केवळ माझे कल्पनारंजन नव्हे. आयर्लंडमधील १७८ वृद्धांचा एक गाजलेला अभ्यास २०१२ सालचा आहे. स्वतःच्या घरी राहून विविध अन्न घेणाऱ्यांच्या तुलनेत, दीर्घकाळ शुश्रूषागृहात राहणाऱ्यांच्या आतड्यांत जिवाणूंची विविधता कमी आढळली आणि त्या घटीचा संबंध अशक्तपणाशी दिसला. तेथे आहारही एकसुरी होता. अशक्तपणामुळे आहार आटला की आहार आटल्यामुळे अशक्तपणा वाढला, हे अशा अभ्यासातून ठामपणे ठरत नाही. बहुधा दोन्ही एकमेकांना ओढत असावेत. पण ताट हा त्यातला आपल्या हातातला भाग आहे.

संध्याकाळी मी वहिनीला सांगितले, गोळ्यांचे डॉक्टरांना विचारू. त्या काही विशिष्ट तक्रारींत उपयोगी पडतात, पण सरसकट नव्हे, आणि प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णाला तर स्वतःच्या मनाने मुळीच देऊ नयेत. तोवर चुलीकडे पाहू. डॉक्टरांनी मूत्रपिंड व साखरेच्या तपासण्या पाहून संमती दिली. मग आठवड्याला एक-एक पदार्थ परत आणला. आधी ज्वारीची पातळ आंबील. कोल्हापुरात रेणुकेच्या यात्रेला जिचा नैवेद्य होतो, तीच. मग दुपारी ताजे ताक. मग मुगाच्या आमटीत अगदी बारीक चिरून शिजवलेली मेथी किंवा पालक. शेवटी भाकरी, पण कुस्करून, आमटीत पुरती भिजवून, कारण दात नसले तरी चव असते. एकदम सारे दिले असते तर पोट फुगले असते आणि 'बघा, पचत नाही' म्हणून पुन्हा बंद झाले असते. पाणीही मोजून वाढवले. पाण्याविना चोथा मलावरोध वाढवतो. गिळताना ठसका लागतो का, हे वहिनी रोज पाहत असे. शौचाची सवय अचानक बदलली, रक्त दिसले किंवा वजन उतरू लागले तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टर गाठायचे, हे आम्ही भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवले.

दोन महिन्यांनी पुन्हा गेले तेव्हा मावशी ओसरीवर बसून शेंगा निवडत होती. पोट एक दिवसाआड साफ होत होते. हे जिवाणूंचे श्रेय, पाण्याचे, की संसर्ग उतरल्याचे, ते सांगायला माझ्यापाशी प्रयोगशाळा नाही. गांधीनगरातल्या तिच्या जुन्या सिंधी मैत्रिणीने डब्यातून साई भाजी पाठवली होती: पालक, चण्याची डाळ आणि चार भाज्या एकत्र घोटलेल्या. मावशीने बोटाने चाखली, क्षणभर विचार केला आणि वहिनीला हाक मारली, "सूनबाई, ह्यात जरा आपला कांदा-लसूण मसाला घाल, आणि अर्धी भाकरी आण."