कुठलं सुपं?

पावसाळ्यातली पहाट. अंशकालीन वार्ताहराचा फोन आला आणि मी बातमी उतरवून घेतली: सुप्याजवळ एसटी उलटली, काही प्रवासी जखमी. बातमीपत्राला वीसेक मिनिटं उरली होती. घाईघाईने कागद संपादकांपुढे सरकवला. त्यांनी 'सुप्याजवळ'खाली रेघ मारली आणि विचारलं, "कुठलं सुपं?"

बारामती तालुक्यात सुपे आहे, पारनेर तालुक्यात सुपा. सामान्यरूप झालं की दोन्हींचं 'सुप्याजवळ'च होतं. पेपरात वाचक पुन्हा वरची ओळ बघतो, रेडिओवर शब्द गेला की गेला. "दोन्हीकडची माणसं पहाटेच्या गाडीनं निघालीत," ते म्हणाले, "आणि दोन्हीकडे घरी रेडिओ लागलाय." मी परत फोन लावला. सात वाजून पाच मिनिटांनी बातमी गेली ती 'पारनेर तालुक्यात सुपा इथं' अशी. त्यानंतर गावाचं नाव तालुक्याशिवाय मी कधी लिहिलं नाही.

हे घडलं ते आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. त्याचं नाव निघालं की लोकांना 'गीतरामायण' आठवतं आणि ते योग्यच आहे. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर, छप्पन्न गीतं, माडगूळकर आणि सुधीर फडके. पण ते वर्ष संपत आलं असताना याच केंद्रावरून आणखी एक गोष्ट चालली होती. तिची आठवण फारशी कोणी काढत नाही आणि त्याची मला मनापासून खंत वाटते.

फेब्रुवारी ते एप्रिल १९५६. युनेस्कोच्या मदतीने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत श्रोता मंडळं स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, असे वीस कार्यक्रम पुण्याहून झाले. शेती, आरोग्य, साक्षरता, ग्रामपंचायत असे विषय. तोवर गावात सार्वजनिक रेडिओ लागायचा, चार माणसं थांबायची, ऐकायची, उठून जायची. इथे रेडिओ बंद झाल्यावर खरं काम सुरू होई. मंडळी तिथेच बसून ऐकलेल्यावर बोलत. हे आपल्या रानात चालेल का? यंदा जमेल का? पैसा कुठून आणायचा? निमंत्रक ते सगळं लिहून केंद्राकडे पाठवी आणि गावांच्या प्रश्नांना पुढच्या कार्यक्रमांतून उत्तरं मिळत.

म्हणजे बोलणं दोन्ही बाजूंनी होतं. घरोघरी फोन नसलेल्या काळात ते पोस्टाने चाले, एवढाच फरक. आज श्रोत्याचा फोन स्टुडिओत घेतला की त्याला संवाद म्हणतात. माझ्या मते, पंधरा-वीस माणसं एकमेकांशी बोलून मग केंद्राला विचारतात, तो प्रश्न एकट्या माणसाच्या फोनपेक्षा जास्त पिकलेला असतो.

या प्रयोगाची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. काम पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाकडे होतं. मंडळं असलेली गावं आणि नसलेली गावं, दोन्हीकडे आधी आणि नंतर लोकांना तेच प्रश्न विचारले गेले. मंडळांच्या गावांत माहिती ठळकपणे वाढली होती. नुसता रेडिओ होता, पण मंडळ नव्हतं, तिथे तेवढी वाढ दिसली नाही. आणखी एक गोष्ट दिसली, ती मला जास्त मोलाची वाटते. मंडळं ऐकण्यापुरती राहिली नाहीत, गावातली कामं ठरवू लागली. १९५९ पासून अशी मंडळं देशभर सुरू झाली, त्यामागे पुण्याचा हा अनुभव होता.

बातम्यांचं काम यापेक्षा वेगळं, पण कान तोच लागतो. सुधा नरवणे यांच्या आवाजातल्या प्रादेशिक बातम्यांवर पुण्यातल्या कितीतरी घरांची सकाळ चालायची. दहा मिनिटांत मावतील ते शब्द मोजके. त्यात मंत्रिमंडळाचा निर्णय, बाजार समितीतली कांद्याची आवक आणि पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेत किती क्युसेक पाणी सोडलं तो आकडा. बाहेरच्याला तो आकडा रुक्ष वाटेल. पण १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांच्या घरी तो आकडा सुरू झाला की भांड्यांचा आवाज थांबतो. माझ्या सासूबाई पोळी तव्यावर ठेवून गॅस बारीक करायच्या.

जून २०२३ मध्ये पुण्याचा वृत्तविभाग बंद करून बातमीपत्रं छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय झाला. श्रोत्यांनी, पत्रकारांनी, लोकप्रतिनिधींनी विरोध केला आणि त्याला स्थगिती मिळाली. तिथले निवेदक उत्तमच वाचतात, त्याबद्दल शंका नाही. प्रश्न वाचण्याच्या आधीचा आहे. कागदावर 'सुप्याजवळ' आलं तर रेघ कोण मारणार? ते अनुभवी डोळे त्या मुलखात वावरल्याशिवाय तयार होत नाहीत. आमच्या संपादकांनी दोन्ही सुपी पाहिली होती, बारामतीच्या सुप्याला त्यांची बहीण दिली होती.

अपघाताच्या बातमीनंतर तासाभरात फोन वाजला. पलीकडे बारामतीकडचे एक गृहस्थ होते. मुलगा पहाटेच्या गाडीने निघाला होता. "पारनेर म्हणालात ना तुम्ही?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मग आमचं नाही," ते म्हणाले आणि थोडं थांबून, "त्या लोकांना फार लागलंय का हो?"