मूळ पत्रा

जुन्या गाडीचा मूळ पत्रा कापणाऱ्यांचा मला राग यायचा. इंग्लंडमधल्या आमच्या घराच्या गॅरेजमध्ये १९६६ सालची एमजीबी रोडस्टर आली, तेव्हा अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून जे बाहेर पडलं ते सगळं राखायचं, असं मनाशी पक्कं होतं. तो कारखाना १९८०मध्ये बंद झाला. तिथल्या कामगारांच्या हाताखालून गेलेलं काही भंगारात टाकायला मन धजत नसे. आज मी तोच पत्रा ग्राइंडरने कापतो, आणि तसंच करायला हवं, असं माझं ठाम मत झालंय.

मत बदललं ते दाराखालच्या सिलमुळे. एमजीबीला वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी. त्यात रोडस्टरला छप्परही नाही, त्यामुळे गाडी मधून वाकू न देण्याचं काम मुख्यतः दोन्ही बाजूंच्या सिलवर येतं. बाहेरचा पत्रा, मधला उभा पत्रा आणि खालची कॅसल रेल मिळून ती पेटी होते. निचऱ्याची भोकं चिखलाने बुजली की पाणी आतच राहतं आणि गंज आतून खात येतो. वरचा रंग तोवर शाबूत असतो.

उजवी सिल कापली, तर आत आणखी एक सिल निघाली! मूळ पत्रा न काढता कुणीतरी वरून नवा चढवला होता, सांधे लांबी भरून गुळगुळीत केले होते. आतल्या मूळ पत्र्याच्या नुसत्या कडा उरल्या होत्या. बोट लावलं की तपकिरी पापुद्रे गळत. जुनं राखलं गेलं होतं खरं, पण भार पेलायला तिथे काहीच नव्हतं.

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या बहुतेक गाड्यांना दरवर्षीची एमओटी तपासणी सक्तीची नाही. म्हणजे ही सिल धड आहे की नाही, हे पाहणारा मीच. शेजारच्या सीटवर बायको बसणार. त्यानंतर मूळ पत्र्याचं कौतुक माझ्या तोंडून निघालं नाही.

एक्सलखाली स्टँड लावून, दाराच्या चौकटीत आडवी नळी टाचून कापाकापी केली. नवा तुकडा क्लॅम्पने धरायचा, दार लावून फट बघायची, वेल्डिंगचे चार टिपके द्यायचे, पुन्हा दार लावायचं. वरची फट आवळली की गाडी मधून बसतेय, हे ओळखायचं. या कामाला घाई अजिबात चालत नाही.

ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८पासून जुन्याच साच्यांवर एमजीबीची अख्खी बॉडी नव्याने बनवायला घेतली. अनेक जण ती आणून मोकळे होतात. मला तेही पटत नाही. भार पेलणारा पत्रा नवा हवा. हाताला लागतं ते मात्र जुनंच राहू दे. म्हणून बारीक चिरा पडलेलं सीटचं चामडं आणि स्टिअरिंगचं गुळगुळीत झालेलं चाक मी बदलणार नाही. एसयू कार्ब्युरेटरची जोडीही तीच, फक्त झिजलेले स्पिंडल नवे, कारण तिथून हवा ओढली जात होती.

सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांच्या पेट्या आहेत. त्यांचे तळ गेलेत. नवे मागवलेत, येत्या शनिवारी जुने कापणार.